नाडी न लागणारा हात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरची २८ वर्षांची सुनबाई डोळ्यांपुढे आणावी. ही बाई कल्पित आहे, पण तिची हकिगत निरनिराळ्या रुग्णांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली आहे. वर्षभरापासून तिचे डोके दुखते, अंगात कणकण असते, वजन थोडे उतरले आहे, आणि विहिरीवर पोहरा ओढताना चार-पाच खेपांतच डावा हात असा भरून येतो की दोर सोडून तो नुसता लोंबता ठेवावा लागतो. दोन मिनिटे थांबले की तो पुन्हा कामाला येतो. शाळेत भरलेल्या आरोग्य शिबिरात तिचा रक्तदाब डाव्या हातावर मोजला गेला, तो १०८/७६ भरला, आणि ‘बीपी कमीच आहे, मीठ-साखरेचे पाणी घेत जा’ असे सांगून रक्तवाढीच्या गोळ्या हातावर ठेवल्या गेल्या. काही महिन्यांनी कोणीतरी उजव्या दंडावर पट्टा बांधला तेव्हा आकडा आला १७६/१०४. यंत्र बिघडले असेल म्हणून पुन्हा मोजला, तरी तोच. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. डावा हात आपल्यापुरते खरेच सांगत होता, पण हृदयाला आणि मेंदूला सोसावा लागणारा दाब उजव्या हातावरचा होता.

अशा बाईला जो आजार असू शकतो त्याला ताकायासू धमनीदाह म्हणतात. हृदयापासून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीला आपण धमनी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तिला रोहिणी म्हटलेले अनेकांना आठवत असेल. या धमन्यांच्या भिंतींना जंतूंमुळे नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशींमुळे सूज येते, अशा आजारांचा मिळून एक मोठा गट आहे, आणि कोणत्या मापाची वाहिनी बाधित होते यावरून त्या गटाची विभागणी केली जाते. ताकायासू हा सर्वांत मोठ्या वाहिन्यांचा आजार आहे. तो हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला आणि तिला जिथे फाटे फुटतात त्या मुख्य शाखांना, म्हणजे मेंदूकडे, हातांकडे, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्यांना धरतो. रुग्ण बहुधा १५ ते ४० या वयातले असतात आणि त्यांत स्त्रिया जास्त असतात. जपानमध्ये स्त्रियांचे प्रमाण फारच जास्त दिसते, आपल्याकडे पुरुषही बऱ्यापैकी आढळतात.

भिंतीत नेमके काय होते हे आधी समजून घेतले, तर पुढच्या साऱ्या खुणा आपोआप उलगडतात. मोठ्या धमनीची भिंत इतकी जाड असते की तिच्या बाहेरच्या थराला रक्त पुरवण्यासाठी स्वतंत्र बारीक वाहिन्या असतात, आणि सूज बहुधा तिथूनच, म्हणजे बाहेरून आत, शिरते. सुरुवातीला भिंत सुजून दुखरी होते. मग बरे होण्याच्या खटपटीत आतला थर जाड होत जातो, पोकळी अरुंद होते, आणि काही ठिकाणी वाट पूर्ण बुजते. मधला लवचीक थर खाल्ला गेला तर त्याच्या उलट घडते आणि धमनी फुगते, पण अरुंद होणे हाच या आजाराचा मुख्य स्वभाव आहे. हे सगळे महिन्यामहिन्यांनी, कधी वर्षावर्षांनी घडत असल्यामुळे आजूबाजूच्या लहान वाहिन्यांना रुंद होऊन पर्यायी वाट काढायला वेळ मिळतो. म्हणूनच नाडी न लागणारा हात बहुतेक वेळा काळानिळा पडत नाही, बोटे सडत नाहीत, तळहात चक्क गरम लागतो, आणि ‘हाताला काही झालेच नाही’ असा समज रुग्णाचा आणि डॉक्टरांचाही होऊन बसतो.

आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ होते, हृदयाचे डॉक्टर नव्हते. १९०८ साली त्यांनी एका २१ वर्षांच्या तरुणीच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टीच्या चेताबिंदूभोवती, एकमेकींत गुंफलेल्या वाहिन्यांचा हारासारखा घेर पाहिला आणि तो आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडला. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी आपापले तसेच रुग्ण सांगितले आणि त्या रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नसल्याचे नोंदवले. डोळ्यातला तो घेर आणि मनगटातली ती शांतता एकाच कारणाची आहे हे त्या वेळी कोणालाच नीट माहीत नव्हते. पुढे १९५१ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून ‘नाडीविरहित रोग’ हे नाव जगभर झाले. नाव ठसठशीत आहे खरे, पण ते थोडे फसवेही आहे, कारण नाडी नाहीशी होणे ही उशिराची खूण आहे.

आता तपासणीकडे वळू. नाडी पाहायची म्हणजे आपण मनगट पुढे करतो, पण या आजारात एका मनगटावर भागत नाही. मानेत श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना, हासळीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, कोपराच्या आतल्या घडीत, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या बाजूला मागे आणि पावलाच्या वरच्या भागावर अशा सगळ्या ठिकाणी, उजवीकडे आणि डावीकडे, बोटे ठेवून पाहावे लागते. अंगठा वापरायचा नाही, कारण तपासणाऱ्याच्या स्वतःच्या अंगठ्याची नाडी रुग्णाची समजली जाऊ शकते. मानेतल्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबायच्या नाहीत, कारण त्याच मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य वाटा आहेत. मनगटे मात्र दोन्ही एकाच वेळी धरावीत. डॉक्टर समोर बसून आपल्या दोन्ही हातांची तीन-तीन बोटे रुग्णाच्या दोन्ही मनगटांवर ठेवतात तेव्हा एकेक हात पाहताना न कळलेला फरक चटकन कळतो: उजवीकडे भरघोस ठोका, डावीकडे जेमतेम जाणवणारा, कधी किंचित मागून येणारा. आमच्याकडच्या हिरव्या बांगड्या मनगटावर घट्ट बसलेल्या असल्या की बोटे वर सरकवून कोपराची घडी चाचपावी लागते, आणि ते बरेच होते, कारण कोपरातला ठोका जास्त बोलका असतो आणि आजाराच्या निकषांतही त्यालाच मान आहे. त्यानंतर एक हात मनगटावर आणि एक जांघेत ठेवून दोन्ही ठोके बरोबर येतात का हे पाहायचे; जांघेतला ठोका मंद आणि उशिरा आला तर महाधमनी छातीत किंवा पोटात कुठेतरी आवळली गेली आहे असे समजावे.

एक गोष्ट इथे सांगण्याजोगी वाटते. जुने वैद्य पुरुषांची उजव्या आणि स्त्रियांची डाव्या हाताची नाडी पाहत. त्यामागचा विचार निराळा होता, पण ताकायासूत हाताकडे जाणाऱ्या धमन्यांपैकी डावी धमनी सर्वांत जास्त वेळा बाधित होते, आणि रुग्ण बहुधा स्त्रीच असते. आजीच्या पिढीतल्या एखाद्या वैद्यबुवांना ‘हिची नाडीच लागत नाही’ असे डाव्या मनगटावर कधी जाणवले असेल, तर तो त्यांचा भ्रम नसावा.

रक्तदाबाची तपासणी म्हणजे हाच फरक आकड्यांत पकडणे. निरोगी माणसाच्याही दोन हातांत थोडाफार फरक असतो, तो साधारण १० अंकांच्या आत राहतो. तो नेहमी त्याहून जास्त भरत असेल तर कारण शोधावे लागते, आणि २० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर तो दुर्लक्षिण्यासारखा नसतो. मोजण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाखाडी चढून धापा टाकत आलेल्या बाईचा पट्टा लगेच आवळू नये. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा. आणि उजवा-डावा मोजून झाल्यावर पहिला हात पुन्हा एकदा मोजावा, कारण धास्तीने चढलेला दाब दुसऱ्या वेळेपर्यंत उतरतो आणि नसलेला फरक दिसू लागतो. बॅटरीवर चालणारे यंत्र कमजोर हातावर पुन्हा पुन्हा चूक दाखवत बंद पडत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी कोपरात बोट ठेवून पाहावे.

मग पाय. मांडीवर मोठा पट्टा बांधून गुडघ्यामागे ऐकले तर पायातला वरचा आकडा हातापेक्षा साधारण १० ते २० अंकांनी जास्त येतो. मांडीला दंडाचा अरुंद पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो, तेव्हा योग्य मापाचा पट्टा नसेल तर पोटरीवर बांधून घोट्याजवळ डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, ऐकणे बरे. पायाचा दाब हातापेक्षा कमी असेल तर अडथळा बहुधा पोटातल्या किंवा छातीतल्या महाधमनीत असतो. ही पायाची पायरी आमच्याकडे जवळजवळ सगळेच गाळतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही ती गाळत असे. खरे तर मी हातही एकच मोजत असे, ज्या बाजूला स्टूल त्या बाजूचा.

ही चूक इतकी महाग का पडते, याचे उत्तर भारतातल्या आजाराच्या स्वरूपात आहे. जपानी रुग्णांत महाधमनीच्या कमानीतून वर जाणाऱ्या शाखा जास्त बाधित होतात, म्हणून तिथे चक्कर, दृष्टी अंधुक होणे, नाडी नाहीशी होणे हे पुढे असते. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या जास्त सापडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले की त्याला शरीरातला दाबच घटला असे वाटते आणि ते दाब वाढवणारी संप्रेरकांची साखळी सुरू करते. त्यामुळे तरुण वयातला उच्च रक्तदाब हाच भारतात या आजाराचा सर्वांत नेहमीचा चेहरा आहे. आता त्याच बाईची डावी धमनी अरुंद असेल तर डाव्या हातावर तो दाब पोचतच नाही, आणि मेंदूत रक्तस्राव होईपर्यंत किंवा हृदय थकून पायांवर सूज चढेपर्यंत तिचे ‘बीपी कमी’ राहते. दोन्ही हात बाधित असतील तर पायावर विसंबावे लागते. चारही ठिकाणी अडथळा असेल तर पट्ट्याने खरा दाब कळतच नाही, तो महाधमनीत नळी घालून मोजावा लागतो. अशा रुग्णात हृदयाचा ठोका डावीकडे सरकलेला आणि जोरकस लागणे किंवा डोळ्याच्या पडद्यावर उच्च दाबाच्या खुणा दिसणे, ही पट्ट्याने लपवलेल्या दाबाची साक्ष असते.

तिसरी खूण कानाने टिपायची असते, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे. सुपारीच्या बागेतून वाहणारा पाट ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावणे सोपे आहे. पाट रुंद आणि सरळ असतो तिथे पाणी मुकाट्याने जाते. वाटेत दगड किंवा चिखलाचा उंचवटा येऊन पाट अरुंद झाला की तिथे पाणी वेगाने, भोवरे करत जाते आणि खळखळ ऐकू येते. दगड आणखी सरकून धार अगदी बारीक झाली की आवाज बारीक आणि उंच होतो. पाट पूर्ण बुजला की आवाज थांबतो. धमनीचेही असेच आहे. पोकळीची रुंदी साधारण निम्म्यावर आली, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्र चौथाईवर आले, की स्टेथोस्कोप ठेवल्यावर प्रत्येक ठोक्याबरोबर फुंकल्यासारखा ‘हुश्श’ असा आवाज येऊ लागतो. अडथळा वाढतो तसा तो लांबत जातो, आणि वाट बुजली की नाहीसा होतो. म्हणून मागच्या भेटीत असलेला आवाज या भेटीत नसेल तर हर्ष मानण्याआधी त्या बाजूची नाडी चाचपावी.

हा आवाज ऐकायच्या जागा ठरलेल्या आहेत: जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेत, हासळीच्या वर, पाठीवर दोन्ही पात्यांच्या मध्ये, बेंबीच्या वर मध्यभागी, बेंबीच्या वरच दोन्ही बाजूंना मूत्रपिंडांच्या दिशेने, आणि जांघेत. मानेवर नळी जोरात दाबू नये, नाहीतर आपणच धमनी दाबून आवाज तयार करतो. रुग्णाला क्षणभर श्वास रोखायला सांगावे. पंखा बंद करावा. जुलै महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, वर पाऊस कोसळत असताना मंद आवाज ऐकण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे; मी अशा वेळी रुग्णाला थांबवून ठेवतो, नाहीतर पुन्हा बोलावतो, आणि ‘आवाज नाही’ असे लिहीत नाही, ‘ऐकता आले नाही’ असे लिहितो. दुसरा सावधपणा अर्थाचा आहे. सडपातळ तरुण मुलीत, रक्त कमी असलेल्या बाईत, गर्भारपणात, थायरॉइड वाढलेला असताना धमनी निरोगी असूनही रक्त वेगाने वाहते आणि हलका आवाज ऐकू येतो. हृदयाच्या झडपेचा आवाजही मानेपर्यंत चढतो. त्यामुळे आवाजाला नाडीची आणि आकड्यांची जोड मिळाली तरच त्याचे वजन वाढते.

बाकीच्या खुणा थोडक्यात पाहू. काहींना मानेतली धमनी दुखते. हलक्या बोटांनी चाचपताना रुग्ण ‘आई गं’ म्हणून मान मागे घेते, आणि मानेचे हे दुखणे वातावर किंवा उशीवर ढकलले जाते. भिंत ताजी सुजलेली असल्याची ही खूण आहे, म्हणून नाडी शाबूत असतानाच ती सापडली तर फार मोलाची ठरते. महाधमनीचे मूळ फुगले की तिथली झडप नीट मिटत नाही आणि रक्त हृदयात मागे गळते. रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून थांबायला सांगून उरोस्थीच्या डाव्या कडेला ऐकले तर हा मऊ, ओसरत जाणारा आवाज सापडतो. एरवी अशी झडप गळत असली की मनगटाची नाडी उसळून कोसळणारी लागते, पण ताकायासूत त्याच रुग्णाच्या हाताची वाट बंद असेल तर ही प्रसिद्ध खूण मुळीच उमटत नाही. ताकायासू यांनी पाहिलेला डोळ्यातला घेर आज क्वचित दिसतो, कारण तो डोळ्याला दीर्घकाळ रक्त कमी पडल्यावर तयार होतो. काहींच्या नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. मात्र अशा गाठी क्षयरोगातही येतात, आणि आपल्या देशात ते आधी तपासावेच लागते.

तपासणीत प्रश्नही येतात, आणि ते रुग्णाच्या रोजच्या कामातून विचारले तरच उत्तर मिळते. ‘हातात रक्तपुरवठा कमी पडतो का’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. ‘भाकऱ्या थापताना कितव्या भाकरीला हात भरून येतो, ताई?’ या प्रश्नाला आहे. विश्रांतीत स्नायूला लागणारे थोडे रक्त अरुंद वाटेनेही मिळते. काम सुरू झाले की मागणी अनेक पटींनी वाढते आणि ती वाट पुरत नाही, म्हणून दुखणे कामाबरोबर येते आणि थांबल्यावर जाते. सांध्याचे किंवा मानेतल्या नसेचे दुखणे असे शिस्तीने वागत नाही. पायांच्या बाबतीत हेच पाखाडीच्या पायऱ्यांवर कळते: ठरावीक चढावाला पोटऱ्या आवळतात, टेकून उभे राहिले की सुटतात. याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे हाताने काम करताना चक्कर येणे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी एक धमनी डाव्या हाताच्या धमनीपासूनच निघते. हाताची धमनी त्या फाट्याच्या अलीकडे बुजलेली असेल तर पोहरा ओढणारा हात त्या फाट्यातून रक्त उलटे ओढून घेतो, मेंदूच्या वाट्याचे रक्त हात पळवतो, आणि बाईला विहिरीच्या काठावरच भोवळ येते. त्या जागी भोवळ येणे किती घातक आहे हे वाडीवरच्या लोकांना सांगायला नको.

या सगळ्या खुणांना तज्ज्ञांनी गुण दिले आहेत. १९९० च्या अमेरिकी निकषांत सहा बाबी होत्या: ४० वर्षांपर्यंत सुरुवात, हातापायांत कामाबरोबर येणारे दुखणे, कोपरातली मंद नाडी, दोन हातांत १० पेक्षा जास्त फरक, हासळीवर किंवा महाधमनीवर आवाज, आणि अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांच्या चित्रणात, दिसणारा बिघाड; सहापैकी तीन जमल्या की आजार धरला जाई. २०२२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी नवे निकष काढले. त्यांत निदानाच्या वेळी वय ६० पर्यंत असणे आणि चित्रणात धमनीदाहाचा पुरावा असणे या अटी आहेत, आणि त्यापुढे आवाजाला दोन, हातातल्या मंद नाडीला दोन, मानेतल्या धमनीच्या बिघाडाला दोन, दोन हातांत २० किंवा जास्त फरकाला एक, असे गुण मिळून पाच भरावे लागतात. म्हणजे साध्या हातांनी आणि नळीने मिळणारे गुणही थोडेथोडके नाहीत. आजार किती धगधगता आहे हे ठरवण्यासाठी भारतीय डॉक्टरांनी २०१० मध्ये स्वतःचा गुणतक्ता बनवला, त्यातल्या ४४ बाबींपैकी ३३ हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आहेत; तो गेल्या तीन महिन्यांत नव्याने आलेल्या किंवा बळावलेल्या खुणाच मोजतो. जुनी गेलेली नाडी त्यात धरत नाहीत, कारण ती जुन्या आगीची राख असू शकते.

एका मनगटाला नाडी नाही म्हणून लगेच ताकायासूचा शिक्का मारू नये. काहींची मनगटातली धमनी जन्मतःच आडवाटेने जाते. मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल तर ती वाट नंतर बुजू शकते. बिडी-तंबाखूवाल्या पुरुषात हातापायांच्या टोकाकडच्या वाहिन्या बंद होण्याचा वेगळा आजार असतो, त्यात बोटे काळी पडतात. साठीच्या पुढे धमनीतले चरबीचे थर, आणि लहानपणापासून पायाचा दाब कमी असेल तर महाधमनीचा जन्मजात आवळ हे विचारात घ्यावे लागते. रुग्ण पन्नाशीपुढची असेल, विंचरताना डोक्याची कातडी दुखत असेल, चावताना जबडा दमत असेल आणि कानशिलावरची धमनी दोरीसारखी टणक लागत असेल तर तो मोठ्या वाहिन्यांचाच दुसरा दाह आहे. तो आपल्याकडे कमी आढळतो, पण दृष्टी जाण्याचा धोका असल्यामुळे त्यात त्याच दिवशी हालचाल करावी लागते.

उलट बाजूने पाहता, तपासणीत काही सापडले नाही म्हणून निर्धास्तही होता येत नाही. हाताची तपासणी आणि धमन्यांची चित्रे ताडून पाहिली की असे दिसते की खूण सापडली तर धमनीत बिघाड असण्याची शक्यता पुष्कळ असते, पण चित्रात दिसणारे अनेक बिघाड हाताला आणि कानाला कळलेलेच नसतात. विशेषतः पहिल्या टप्प्यात, जेव्हा नुसता ताप, थकवा आणि सांधेदुखी असते आणि सगळ्या नाड्या लागत असतात, तेव्हा आजार हातातून सहज निसटतो. कोकणात तर पावसाळ्यातल्या तापाला आधी लेप्टो आणि मलेरिया आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण ते नाहीत असे ठरल्यावर तरुण मुलीचा महिनोन्महिने रेंगाळणारा ताप असेल तर दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा दाब मोजून ठेवावा. रक्तातले सूज दाखवणारे आकडेही भरवशाचे नसतात, ते सामान्य असताना भिंत आत धुमसत असू शकते. म्हणून पुढे धमन्यांची सोनोग्राफी आणि सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफी लागते, त्यासाठी बहुधा रत्नागिरीहून कोल्हापूर-मुंबई आणि सिंधुदुर्गातून गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठावे लागते.

उपचारात सुरुवातीला स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेटसारखी दाह दाबणारी औषधे देतात. ती मनाने बंद करायची नसतात, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहणे टाळायचे असते, हे घरच्यांनाही समजावून सांगावे लागते. फुगा घालून धमनी रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया ही शक्यतो दाह शांत झाल्यावर. औषध सुरू झाले तरी बुजलेली वाट बहुधा उघडत नाही, म्हणजे डाव्या हाताचा आकडा पुढेही कमीच येणार. बाई मोठ्या रुग्णालयातून परत वाडीवर येते, आणि दर महिन्याला तिचा दाब उपकेंद्रातली आरोग्यसेविकाच मोजते, कधी नवीन बदलून आलेली. तिच्या कार्डावर वरच्या बाजूला लाल शाईने एक ओळ लिहून द्यायची असते: ‘रक्तदाब फक्त उजव्या हातावर मोजावा. डाव्या हाताचा आकडा धरू नये.’